तेलातील पाणी आणि व्यापाऱ्याचे माप

आपल्या संघाच्या स्मरणिकेत कापड, धान्य, सराफी, किराणा आणि आडत या पिढीजात व्यवसायांविषयी दरवर्षी काही ना काही लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि गेल्या काही दशकांत आपल्या समाजातील अनेक तरुण औद्योगिक रसायनांच्या व्यापारात शिरले आहेत. बडोदे, अंकलेश्वर आणि मेहसाणा या पट्ट्यात तेलविहिरी आणि रसायनांचे कारखाने जवळजवळ असल्यामुळे तिकडील पेढ्यांच्या गोदामांत जेथे एके काळी पोत्यांच्या थप्प्या होत्या, तेथे आता पिंपांच्या रांगा दिसतात. त्या पिंपांपैकी एका मालाविषयी, म्हणजे जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलापासून पाणी वेगळे करणाऱ्या रसायनाविषयी, आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहोत. बाजारात त्यास 'डिमल्सिफायर' म्हणतात. हा माल केवळ लिटरच्या भावाने विकण्याची व घेण्याची जी रूढी पडली आहे ती चुकीची आहे. तिच्यामुळे घेणाऱ्याचे, प्रामाणिक विकणाऱ्याचे आणि हे द्रव्य शेवटी ज्या पाण्यात उतरते त्या पाण्याचेही अहित होते. आणि ही रूढी मोडण्याचा आरंभ आपल्याच व्यापाऱ्यांनी करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे द्रव्य लागते तरी कशासाठी, ते पाहू. विहिरीतून तेल एकटे येत नाही. त्याच्यासवे वायू येतो, वाळू येते आणि खारे पाणी येते. क्षेत्र जुने होत जाते तसतसे पाण्याचे प्रमाण वाढते, आणि वृद्ध झालेल्या विहिरींतून तेलापेक्षा पाणीच अधिक निघते. हे पाणी तेलाखाली निमूटपणे बसले तर काहीच अडचण नव्हती. परंतु नळातील अरुंद झडपांतून आणि पंपांतून जाताना दोहोंची अशी घुसळण होते, की पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तेलात सर्वत्र विखुरले जातात आणि तेथेच अडकून राहतात. अशा मिश्रणास शास्त्रीय मराठीत 'पायस' म्हणतात. आपल्या गृहिणींना त्याचे उदाहरण सांगावयास नको. लोणी हे असेच, स्निग्धात पाणी अडकलेले पायस आहे. ते कढवले म्हणजे पाणी निघून जाते, बेरी खाली बसते आणि तूप निवळते. ताकातून निघालेले लोणी अंतर्मुहूर्ताच्या आत कढवावे, असा आपल्याकडे दंडक आहे. त्यामागील धर्मदृष्टी निराळी आहे. परंतु पायस जितके शिळे तितके ते मोडावयास कठीण, हा अनुभव तेलक्षेत्रावरही येतो. तो नेमका का येतो, हे पुढे दिसेल.

पाणी आपोआप का बसत नाही, याचा हिशेब जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या नियमाने करता येतो. थेंब ज्या वेगाने खाली उतरतो तो वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तेल जितके दाट तितका तो घटतो. समजा, तेल पाण्याच्या वीसपट दाट आहे, दोहोंच्या घनतेतील फरक पाण्याच्या घनतेच्या दशांशाइतका आहे, आणि थेंबाचा व्यास १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग आहे. असा थेंब ताशी सुमारे १ मिलिमीटर उतरेल; एक मीटर खोल जाण्यास त्याला चाळीस दिवसांहून अधिक काळ लागेल. तोच थेंब दसपट मोठा झाला, तर वेग शंभरपट होऊन तेच अंतर दहा-अकरा तासांत तुटेल. म्हणजे सारे काम लहान थेंबांचे मोठे थेंब करण्याचे आहे. परंतु थेंब एकमेकांत मिसळू इच्छित नाहीत. कारण तेलातील अ‍ॅस्फाल्टीन व राळेसारखे जड घटक, मेणाचे कण, चिकणमाती आणि लोहाच्या संयुगांची भुकटी यांचे एक चिवट कातडे प्रत्येक थेंबाभोवती तयार होते. दोन थेंब जवळ येतात, एकमेकांस टेकतात आणि तसेच राहतात. दिवस जातात तसे हे कातडे अधिक घट्ट होते. शिळे पायस मोडावयास कठीण, ते याच कारणाने.

हे कातडे फोडण्याचे काम डिमल्सिफायर करतो. त्याच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढ घेणारा आणि दुसरा तेलाकडे ओढ घेणारा असतो. त्यामुळे तो तेल आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन बसतो, तेथील जड घटकांना बाजूला सारतो आणि कातडे विरळ करतो. मग थेंब जवळ येतात, एकरूप होतात आणि स्वतःच्या भाराने खाली बसतात. उष्णता व विजेचा दाब या कामी साहाय्य करतात. परंतु उष्णतेस इंधन लागते, आणि तेल फार तापविले तर त्यातील हलके, मौल्यवान अंश उडून जातात. म्हणून योग्य रसायनाचे थोडे थेंब पडले, तर भट्टीचा खर्चही वाचतो. पाणी काढले नाही तर काय होते, तेही सांगावयास हवे. खरेदीदार पाण्याचे पैसे देत नाही. पाणी वाहून नेण्याचे भाडे मात्र पडतेच. शिवाय त्या पाण्यातील क्षार शुद्धीकरण कारखान्यात तापले, की मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या क्लोराइडांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण होऊन लाखमोलाची यंत्रे आतून खाल्ली जातात.

या विद्येचा इतिहास लहान, परंतु व्यापाऱ्यास बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील तेलक्षेत्रांत पाणी न सुटणारे तेल निकामी समजून खड्ड्यांत सोडले जाई किंवा जाळले जाई. फ्रेडरिक कॉट्रेल यांना १९११ साली विजेच्या साह्याने पाणी वेगळे करण्याचे पेटंट मिळाले, आणि सेंट लुईसचे विल्यम बार्निकेल यांना १९१४ साली रसायनाने ते साधण्याचे. आरंभीची द्रव्ये साधी होती. साबण, नॅफ्थेनिक आम्लांचे क्षार, सल्फोनेटे आणि प्रक्रिया केलेले एरंडेल यांवर काम चाले. एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून होणारे 'टर्की रेड ऑइल' कापड रंगविणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्याच जातीची द्रव्ये तेलक्षेत्रावरही गेली. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आणि भारतात गुजरात अग्रेसर असल्याने आपल्या आडत व्यापाऱ्यांस ही गोष्ट कौतुकाची वाटेल. त्या काळी दहा लाख भाग तेलास सुमारे हजार भाग द्रव्य घालावे लागे. पुढे एथिलीन ऑक्साइड व प्रॉपिलीन ऑक्साइड यांपासून घडविलेली आणि फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेवर रचलेली द्रव्ये आली. १९५० नंतर ही मात्रा शंभराच्या आसपास उतरली, आणि १९८० नंतरच्या दशकांत अनेक ठिकाणी ती पाच ते पन्नास भागांवर आली. दहा लाखांस वीस भाग म्हणजे किती? दहा हजार लिटर तेलाच्या टँकरला अवघे २०० मिलिलिटर. पाव लिटरही नव्हे.

आता यातील मर्म पाहावे. ज्ञान जसजसे वाढले, तसतशी विकल्या जाणाऱ्या मालाची राशी घटत गेली. धान्याच्या व्यापारात उत्तम गहू विकणाऱ्याचा गहू कमी खपत नाही. येथे मात्र माल जितका चांगला, तितका तो कमी लागतो. जो व्यापारी लिटरच्या भावाने विकतो त्याचा स्वार्थ, ग्राहकाने अधिक ओतावे यात असतो; आणि ग्राहकाचे हित कमीत कमी ओतण्यात असते. एकाच व्यवहारात दोघांची तोंडे दोन दिशांना! अशा व्यवहारात सज्जन मनुष्यही हळूहळू घसरतो, कारण घसरण रोजच्या वहीत नफा म्हणून दिसते.

एका कल्पित उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. दिवसाला १,००० घनमीटर मिश्रणावर क्रिया करावयाची आहे. पहिला माल २०० रुपये लिटर, परंतु त्याची मात्रा दहा लाखांस ६० भाग. म्हणजे रोज ६० लिटर आणि १२,००० रुपये. दुसरा माल ३२० रुपये लिटर, मात्रा २५ भाग. म्हणजे रोज २५ लिटर आणि ८,००० रुपये. लिटरच्या भावाने पाहणारा खरेदी अधिकारी पहिला माल स्वस्त म्हणून घेईल आणि रोज ४,००० रुपये अधिक मोजील. ज्या व्यापाऱ्यास विक्रीवर शेकडा दहा दलाली मिळते, त्याला पहिल्या मालात १,२०० व दुसऱ्यात ८०० रुपये पडतील. ग्राहकास खरे सांगणाऱ्याला रोज ४०० रुपयांचा दंड भरावा लागतो, असाच याचा अर्थ. रूढी वाईट आहे असे आम्ही म्हणतो, ते याच कारणाने.

या रूढीतूनच पुढची पापे निपजतात. हे रसायन मूळ रूपात दाट व चिकट असल्याने झायलिन, नॅफ्था किंवा मद्यार्कासारख्या द्रावकात विरघळवूनच विकावे लागते. त्यात लबाडी नाही. परंतु पिंपात मूळ द्रव्य किती आणि द्रावक किती, हे डोळ्यांस दिसत नाही. भावावर ओढाताण झाली, की शंभरात चाळीस असलेले मूळ द्रव्य वीसवर आणणे अगदी सोपे असते. पिंप तेवढेच, रंग तोच, वासही तोच. कोणी रिकाम्या नामांकित पिंपात दुसराच माल भरतो. कोणी ग्राहकाचे काम अडले, की 'मात्रा वाढवा' एवढाच सल्ला देतो. वास्तविक मर्यादेपलीकडे मात्रा गेली तर पायस मोडण्याऐवजी पुन्हा घट्ट होऊ शकते, किंवा सुटलेल्या पाण्यातच तेलाचे थेंब अडकून बसतात. उभय आम्नायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार हे दोन आहेत. एक खोट्या वजनमापाचा, दुसरा भेसळीचा. आचार्यांच्या काळी तराजू आणि मापे होती. आज वजनकाटा सरकारी शिक्क्याचा आहे आणि लिटर पुरे भरते. तरीही पुऱ्या लिटरात अर्धेच द्रव्य भरून दिले, तर मापात पाप झालेच. काटा खरा आणि माल खोटा, ही तर नव्या युगाची युक्ती!

यावर कोणी म्हणेल, की उत्तम माल एकदा निश्चित करावा आणि तोच सर्वत्र विकावा. मग प्रश्नच मिटला. परंतु असा सर्वगुणी माल होऊच शकत नाही. आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. आसामात १८८९ साली दिग्बोई येथे तेल लागले, खंबायत परिसरात १९५८ साली, अंकलेश्वरला १९६० साली, मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली, आणि राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यातून २००९ साली तेलउत्पादन सुरू झाले. या प्रत्येक ठिकाणच्या तेलाचा स्वभाव निराळा. बाडमेरचे तेल इतके मेणाळ, की ते थिजू नये म्हणून नळ तापता ठेवावा लागतो. तेथे थंड मिश्रणावर उत्तम चालणारे द्रव्य मेणामुळे हतबल होईल. मेहसाण्याच्या काही क्षेत्रांतील तेल जड व दाट. बालोल आणि सांथाल येथे तर भूगर्भात तेलाचाच थोडा अंश जाळून उरलेले तेल पुढे ढकलतात, आणि अशा पद्धतीने निघालेले पायस फार चिवट असते. मुंबई हायचे तेल हलके. इतकेच नव्हे, एकाच क्षेत्रात नवी विहीर जोडली, नळ गंजू नये म्हणून दुसरे द्रव्य घातले, किंवा भूगर्भात पॉलिमर सोडले, तरी कालचे औषध आज लागू पडत नाही. एकाच वस्तूस एकाच बाजूने पाहून निर्णय देऊ नये, ही आपल्या दर्शनाची शिकवण आहे. तो थोर सिद्धान्त पिंपांच्या व्यापारात ओढून आणण्याची आमची इच्छा नाही. परंतु 'आमचा माल सर्व तेलांवर चालतो' अशी जाहिरात करणाऱ्याने निदान त्याचे स्मरण ठेवावे.

मग खरे-खोटे ठरवावे कसे? त्यासाठी एक साधी, जुनी आणि आजही सर्वमान्य कसोटी आहे. तिला बाटली-परीक्षा म्हणता येईल. विहिरीजवळून ताजे मिश्रण घ्यावयाचे, शंभर मिलिलिटरच्या खुणा केलेल्या बाटल्यांत भरावयाचे, प्रत्येकीत निरनिराळे द्रव्य मोजून घालावयाचे आणि एक बाटली कोरी ठेवावयाची. सर्व बाटल्या सारख्याच वेळा हलवून, क्षेत्रावर जे तापमान असते त्याच तापमानाच्या पाण्यात ठेवावयाच्या, आणि पाच, दहा, वीस, तीस, साठ मिनिटांनी खाली किती पाणी सुटले ते टिपावयाचे. केवळ सुटलेले पाणी पाहून भागत नाही. वरच्या तेलात किती पाणी उरले ते फिरत्या यंत्रात घालून तपासावे लागते. पाणी स्वच्छ आहे की तेलकट, ते पाहावे लागते. आणि दोहोंमधली रेषा सुरीने कापल्यासारखी आहे की तेथे गढूळ साय जमली आहे, तेही पाहावे लागते. पाणी झपाट्याने सोडणारा माल पुष्कळदा तेल कोरडे करण्यात मागे पडतो. म्हणून दोन गुणांची दोन द्रव्ये एकत्र करून माल सिद्ध करतात. नमुना ताजाच हवा. आठ दिवस मोटारीतून हिंडलेला नमुना घेऊन केलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे. बाटलीत जिंकलेला माल नंतर प्रत्यक्ष नळावर काही दिवस चालवून पाहिला, म्हणजे कसोटी पुरी झाली.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात, आणि ते तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की मोठे खरेदीदार निविदा काढतात आणि सर्वांत कमी भाव भरणाऱ्यास काम देतात. एकट्या व्यापाऱ्याने सचोटी दाखविली तर तो बाहेर फेकला जाईल. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे काम एकट्यादुकट्याचे नसून संघाचे आहे. निविदेत भाव लिटरावर न मागता, क्रिया केलेल्या प्रत्येक घनमीटरावर मागावा, आणि तेलात उरलेल्या पाण्याची मर्यादा करारात लिहावी, असा आग्रह अनेकांनी एकमुखाने धरला तर तो ऐकला जातो. वरील उदाहरणातच पाहा. दर घनमीटरास १० रुपये ठरले, तर ग्राहकाचा रोजचा खर्च १२,००० वरून १०,००० वर येतो, आणि उत्तम माल देणाऱ्यास पिंपाच्या भावापेक्षा २,००० रुपये अधिक मिळतात. मात्रा कमी करण्याचे कौशल्य दाखविणारास तेव्हा दंड नव्हे, बक्षीस मिळते. दोघांची तोंडे एकाच दिशेस वळतात.

दुसरा आक्षेप गुपिताचा. कारखानदार म्हणतात, आमचे मिश्रण हीच आमची मिळकत. ते उघड कसे करावे? कोणी पाककृती मागत नाही. मूळ द्रव्य शेकडा किती, द्रावक कोणता, तो किती अंशावर पेट घेतो आणि मालाची विषारी लक्षणे कोणती, एवढे सांगण्याने कोणाचे गुपित फुटत नाही. हलवायाने आपल्या मिठाईची कृती सांगितली नाही तरी चालते. तूप की वनस्पती, हे मात्र त्याने सांगितलेच पाहिजे. तिसरा आक्षेप लहान व्यापाऱ्यांचा. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नाही, रसायनज्ञ नाही. परंतु बाटली-परीक्षेस लागणारी सामग्री फार महाग नाही. खुणांच्या बाटल्या, मोजनळ्या, गरम पाण्याचे भांडे, एक फिरते यंत्र आणि शिकलेला हात एवढे पुरते. पाच-सात पेढ्यांनी मिळून हे चालविणे सहज शक्य आहे. ज्या समाजाने गावोगावी धर्मशाळा आणि पांजरपोळ चालविले, त्याला एक सामाईक परीक्षाशाळा जड जाऊ नये.

यापुढील प्रश्न नफ्यातोट्याचा नाही, आणि तोच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेलापासून सुटलेले पाणी जाते कुठे? आपल्या घरी पाणी गाळून पितात, आणि गाळण्यावर जे राहते ती जिवाणी फेकून न देता ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत सांभाळून परत सोडतात. गाळणाऱ्याची जबाबदारी आपला तांब्या भरला म्हणून संपत नाही, हे या आचाराचे तात्पर्य आहे. तेलक्षेत्रावरही उत्तम रीत अशीच आहे. वेगळे केलेले खारे पाणी स्वच्छ करून पुन्हा भूगर्भात, ज्या थरातून ते आले तेथेच, दाबाने सोडतात; त्याने पुढचे तेल वर येण्यासही मदत होते. परंतु सर्वच पाणी असे परत जात नाही, आणि बेसुमार मात्रा ओतलेल्या ठिकाणी तेलकट, रसायनयुक्त पाणी अधिक निघते. या द्रव्यांपैकी काहींची घडण नोनिलफिनॉलवर झालेली असते. हा पदार्थ जलचरांच्या शरीरातील प्रजननाचे कार्य बिघडवितो असे आढळल्यावरून युरोपीय संघाने २००३ साली त्याच्या व त्याच्या एथॉक्सिलेटांच्या अनेक उपयोगांवर निर्बंध घातले. उत्तर समुद्रातील तेलक्षेत्रांत वापरण्यापूर्वी रसायनाची तीन अंगांनी पारख होते. ते निसर्गात विघटन पावते काय, जलचरांच्या शरीरात साठते काय, आणि त्यांना किती विषारी आहे? हेच तीन प्रश्न आपल्या व्यापाऱ्याने आपल्या पुरवठादारास विचारले, तर त्यास कोणी अडविणार नाही.

आपल्या शास्त्रांत पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे. त्यामुळे काही वडीलधारी मंडळी विचारतात, की असला धंदा श्रावकाने करावाच का? या प्रश्नास आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमचे उत्तर असे, की जोवर देशाची वाहने आणि चुली तेलावर चालतात, तोवर तेलातील पाणी कोणीतरी काढणारच. ते काम अज्ञानाने व लोभाने करणाऱ्याच्या हाती सोडण्यापेक्षा, जो कमी विषारी द्रव्य निवडतो आणि थोडक्यात थोडके वापरण्याचा सल्ला देतो, त्याच्या हाती असणे बरे. परंतु हे समर्थन फक्त त्यालाच शोभते. जो मात्रा वाढवून पोट भरतो त्याला ते म्हणण्याचा अधिकार नाही. बडोद्याच्या परिसरातील कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्याने महीच्या मुखाकडे जाते. खंबायतच्या आखाताच्या त्याच किनारपट्टीवर कावी आणि गंधार ही आपली प्राचीन क्षेत्रे आहेत, आणि गंधारच्या परिसरात तेलक्षेत्रही आहे. जेथे आपण यात्रेस जातो, तेथील पाण्याशी आपल्या पिंपाचा संबंध पोहोचू शकतो, हे विसरून चालणार नाही.

गोदामाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या मालातील द्रावके पेट घेणारी असतात. झायलिन साधारण २७ अंशांवर, म्हणजे आपल्याकडील नेहमीच्या हवेतच, पेट घेण्याजोगी वाफ सोडते. मेथॅनॉल त्याहूनही कमी अंशांवर. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात अशा द्रव्यांचे प्रज्वलनांकावरून वर्ग पाडले आहेत आणि ठराविक साठ्यापुढे परवाना आवश्यक केला आहे. तरीही खाली पिंपे व वर बिऱ्हाड, अशी व्यवस्था काही ठिकाणी दिसते. त्यात गुमास्ता, हमाल आणि घरातील मुलेबाळे यांचा जीव गुंतलेला असतो. भाड्याची बचत म्हणून ही जोखीम पत्करणे हा व्यवहारही नव्हे आणि धर्मही नव्हे.

तेव्हा आपल्या संघाने पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. हा माल विकणाऱ्या प्रत्येक सभासदाने पिंपावर मूळ द्रव्याचे शेकडा प्रमाण, द्रावकाचे नाव आणि प्रज्वलनांक छापावा. प्रत्येक खेपेचा एक सीलबंद नमुना ग्राहकापाशी व एक आपल्या पेढीत ठेवावा, म्हणजे पुढे तंटा झाल्यास वादाला आधार राहील. ग्राहकाच्या ताज्या तेलावर परीक्षा केल्यावाचून मात्रा सांगू नये, आणि सांगितलेली मात्रा लेखी द्यावी. भाव सांगताना लिटरासोबत, दर घनमीटरास पडणारा खर्चही सांगावा. सामाईक परीक्षाशाळेसाठी एक समिती नेमावी, आणि रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींना तेथे काम द्यावे. ती शिकतात, पदव्या घेतात, आणि आपण त्यांना गल्ल्यावर बसवून बिले फाडावयास लावतो. त्यांच्या विद्येचा पेढीस उपयोग व्हावा, असे आपणांस का वाटू नये?

यातील काहीच अवघड नाही. अवघड आहे ते एवढेच, की पहिल्या वर्षी पिंपे कमी खपतील आणि वहीतला आकडा खाली दिसेल. परंतु आपल्या वाडवडिलांनी परमुलुखात येऊन ज्या पेढ्या उभ्या केल्या, त्या एका वर्षाच्या आकड्यावर उभ्या राहिल्या नाहीत. ग्राहक डोळे मिटून माल उचलील इतका विश्वास त्यांनी कमावला. पूर्वी मालाचे बरेवाईट ग्राहकाच्या बोटांना कळत असे. आज बंद पिंपात काय आहे ते त्याला कळू शकत नाही, आणि म्हणून विश्वासाचे मोल पूर्वीहून अधिक झाले आहे. ज्या धंद्यात ग्राहकास माल पारखता येत नाही, त्या धंद्यात व्यापाऱ्याने स्वतःच स्वतःचे माप धरावे लागते. ते माप पुरे भरावे, एवढीच सर्व सभासदांस आमची नम्र विनंती आहे.